पिण्यास योग्य

ज्यांना हे वाचायची गरज नाही त्यांनी खुशाल पान उलटावं. हे मी त्या माणसासाठी लिहितोय, जो कुठल्यातरी ओपीडीच्या बाकावर मांडीवर फाइल घेऊन बसलाय आणि समोरचा ‘शांतता राखा’ हा फलक विसाव्यांदा वाचतोय. मी ज्या बाकावर बसायचो तिथल्या फलकावरचा अनुस्वार उडालेला होता आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. गाठ किडनीवर आणि राग अनुस्वारावर. होतं असं. लाज वाटून घेऊ नका.

माझं काम पाण्याचं. राहायला नारायण पेठेत, नोकरी बिबवेवाडीतल्या एका लहानशा खासगी प्रयोगशाळेत. विहिरीवर, बोअरवर, टाकीवर जायचं, बाटलीत नमुना घ्यायचा, ठरलेल्या चाचण्या करायच्या आणि कागदाखाली शेरा लिहून सही ठोकायची: पिण्यास योग्य, नाहीतर पिण्यास अयोग्य. जन्मभर एवढंच केलं. त्यातला एक शेरा चुकला. तो चुकला हे मला आजारपणात कळलं, आणि ज्या घराला तो लिहून दिला होता त्या घरातली सून तेव्हा पोटुशी होती. आजारातून उठणं एकीकडे आणि त्या घरी जाऊन ‘माझं चुकलं’ म्हणणं एकीकडे. दुसरं जास्त जड गेलं.

बीट

सुरुवात संडासात झाली, त्याला इलाज नाही. एका सकाळी लघवी गुलाबी झाली. आदल्या दिवशी मंजिरीने, म्हणजे माझ्या बायकोने, बिटाची कोशिंबीर केली होती. मी केमिस्ट आहे, तेव्हा लगेच निष्कर्ष काढला: बीट. पुढच्या आठवड्यात पुन्हा गुलाबी. त्या आठवड्यात घरात बीट आलंच नव्हतं. मग मी आठवून आठवून ऑफिसात कोणाच्या तरी डब्यातला बिटाचा एक तुकडा शोधून काढला. एखाद्या गिऱ्हाइकाने असला पुरावा माझ्यापुढे ठेवला असता तर मी त्याला दारातून परत पाठवलं असतं.

तिसऱ्यांदा ती लाल होती. मंजिरी पोळ्या लाटत होती तेव्हा तिला सांगितलं. लाटणं न थांबवता तिने विचारलं, “किती दिवस झाले?”

“तीनेक आठवडे.”

तिने गॅस बंद केला. “अहो, कुणाच्या विहिरीत जरा रंग दिसला तर तुम्ही त्याच दिवशी बाटल्या घेऊन धावता. आणि स्वतःचे तीन आठवडे?”

मी पेपर उघडला. तिने तो हातातून काढून घेतला आणि म्हणाली, “चपला घाला.”

काका, बसा

सोनोग्राफी करणारी मुलगी आधी छान गप्पा मारत होती. पेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही, वगैरे. मग एकदम गप्प झाली. तोच भाग तिने पुन्हा दाबून पाहिला, मग आणखी एकदा. बाकावरच्या माणसाला सांगून ठेवतो: आपल्याला कळतं ते डॉक्टर बोलतात तेव्हा नाही, ती मुलगी बोलायची थांबते तेव्हा.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाचे. “काका, बसा,” म्हणाले. मी उभा होतो हे मला तेव्हा समजलं. डाव्या किडनीवर गाठ आहे, साधी वाटत नाही, किडनी काढावी लागेल, उजवी उत्तम आहे. मी विचारलं, “नक्की का?” ते म्हणाले, “काढल्यावर तपासून नक्की सांगू. पण वाट बघत बसावं अशी ती नाही.” मंजिरीने पर्समधून वही काढली आणि तारखा लिहून घ्यायला लागली. तिचं अक्षर सुरेख आहे. त्या पानावरचं ओळखू येत नाही.

बाहेर येऊन रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने विचारलं, “कुठं?” आम्ही दोघंही गप्प. तो मागे वळून म्हणाला, “नुसतं बसायचंच असेल तर पलीकडे बाग आहे.” मंजिरीला हसू फुटलं आणि हसता हसता ती रडायला लागली. तसा तो पुढे वळून बसला आणि तिचं रडणं थांबेपर्यंत त्याने गाडी सुरू केली नाही. आम्ही उतरताना म्हणाला, “काळजी घ्या, साहेब.” त्या दिवसात कोणी माझ्याशी चांगलं वागलं असेल तर तो.

लेबल

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, त्यामुळे लिहीत नाही. नंतरचं आठवतं. सकाळी मावशी फरशी पुसायच्या तो फिनेलचा वास, मग सिस्टर ताप बघायला, मग रक्त घ्यायला, मग चहा नावाचं कोमट पाणी. श्वास ओढून तीन प्लास्टिकचे चेंडू वर उचलायचे. माझे दोन उचलले जायचे. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ तिन्ही उचलायचे आणि माझ्याकडे बघायचे.

लघवी मोजून लिहायची. एकटी उरलेली किडनी कशी चाललीय ते त्यावरून कळायचं, म्हणून मंजिरी तो आकडा दहावीचा निकाल सांगावा तसा मुलीला फोनवर सांगायची. एकदा तपासणीला बाटली न्यायची होती. सिस्टरने माझ्या नावाचं लेबल झाकणावर चिकटवलं.

“सिस्टर, लेबल बाटलीला लावतात, झाकणाला नाही. झाकणं बदलली की माणसं बदलतात.”

“काका, पडून राहा,” ती म्हणाली. पण तिने ते सोलून बाटलीला लावलं. जन्मभर मी दुसऱ्यांच्या बाटल्यांवर नावं लिहिली. स्वतःचं नाव बाटलीवर बघून मला भरून आलं, आणि सिस्टरला वाटलं टाके दुखतायत. तिने गोळी दिली. मी घेतली.

भीती कशी असते तेही सांगतो. मला वाटायचं भीती म्हणजे थरथर, घाम. तसं काही नाही. खिडकीतून खाली कोणी गाडी धुताना दिसायचा आणि मनात यायचं, हा पुढच्या वर्षी असणार. गाडीसुद्धा असणार. मी मंजिरीला हे कधी सांगितलं नाही. ती वाचेल तेव्हा वाचेल.

फेस

आमची मुलगी अनघा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. रजा मिळेना, म्हणून लॅपटॉप घेऊन माझ्या खाटेशेजारी बसून काम करायची. “बाबा, कॉलवर आहे,” म्हणाली की मी कण्हायचंसुद्धा थांबायचो. काढलेली गाठ कॅन्सरचीच निघाली होती, आणि मधल्या वेळात अनघा त्याविषयी वाचायची. मी वाचू नकोस म्हणायचो, ती ऐकायची नाही.

एका दुपारी तिने विचारलं, “बाबा, तुम्ही कधी फायर फोमच्या आसपास काम केलंय? आग विझवायला मारतात तो फेस?”

“नाही.”

“शुअर? त्यातली केमिकल्स पाण्यात उतरतात म्हणे, आणि वर्षानुवर्षं जातच नाहीत. किडनीच्या कॅन्सरशी लिंक असू शकते असं लिहिलंय.”

मी पुन्हा नाही म्हणालो, आणि तेवढ्यात मला आक्कांचा ओढा आठवला.

गावाचं नाव लिहीत नाही. हिंजवडीच्या पलीकडचं आहे, कंपन्यांनी तीन बाजूंनी वेढलेलं. लोक अजून तिथेच राहतात आणि ओढा अजून वाहतो. आक्का तिथलं आमचं जुनं गिऱ्हाईक, सत्तरीच्या. जमीन गेली, एक तुकडा आणि विहीर राहिली. त्यांचा मुलगा बाळू त्या विहिरीवर टँकर भरून होस्टेलांना, सोसायट्यांना पाणी पुरवायचा, घरातही तेच पाणी प्यायचे, म्हणून वर्षातून दोनदा आमच्याकडून तपासणी. त्यांच्या तुकड्याच्या वरच्या अंगाला एका खासगी संस्थेचं मैदान होतं. कंपन्यांच्या सुरक्षारक्षकांना तिथे आग विझवायला शिकवायचे. लोखंडी ट्रेमध्ये डिझेल पेटवायचं आणि वर पांढरा फेस मारायचा. दर आठवड्याला. तो फेस उताराने ओढ्यात यायचा आणि सरावाच्या दिवशी ओढा दुधासारखा दिसायचा. गावातल्या बायका म्हणायच्या, कपडे आणून टाका, फुकटात धुऊन निघतील.

तो फेस मी पाहिला होता. हातात घेऊन हुंगलाही होता. साबणाच्या जातीचं काहीतरी असेल म्हणून विहिरीच्या पाण्याची साबणाची चाचणी केली. मर्यादेत. क्षार मर्यादेत, जंतू नाहीत. पिण्यास योग्य. आमच्या यादीत जे नाही ते पाण्यातही नसतं, अशी आम्हा तपासणाऱ्यांची भाबडी समजूत. मी तर तिच्यावर जगलोय.

याहून वाईट पुढे आहे. एका होस्टेलच्या मालकाने कटकट केली की पाण्याला फेस येतो, तुमच्या कागदाचं काय घेऊन बसलात. आमच्या कामात अशा वेळी एक जुनी रीत आहे, पुस्तकात नसलेली. गिऱ्हाईक कागद मानत नसेल तर तपासणाऱ्याने चारचौघांत ते पाणी पिऊन दाखवायचं. मी आक्कांच्या अंगणात तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करून खाली ठेवला. मालक निमूट गेला. बाळूने तो अहवाल लॅमिनेट करून ओसरीत टांगला. त्यानंतर दर खेपेला मी तिथे पाणी प्यायचोच. न पिणं म्हणजे माझ्याच सहीवर माझा भरवसा नाही असं झालं असतं. शिवाय आक्का “भाऊ, आधी पाणी” केल्याशिवाय बाटल्या उघडू द्यायच्या नाहीत.

शेवटच्या खेपेला त्यांनी हसत सांगितलं होतं की रूपालीला, त्यांच्या सुनेला, दिवस गेलेत. खाटेवर पडल्या पडल्या मी बोटांवर महिने मोजले. चौथा लागला असणार.

डॉक्टरांना विचारलं. ते खरं बोलले, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. “काका, एका माणसाच्या एका गाठीला एक कारण चिकटवता येत नाही. तुम्ही तर वर्षातून दोनदा प्यालात. त्यानेच झालं असं मी म्हणणार नाही.”

“आणि रोज पिणारे?”

“ते मला कसं माहीत असणार?” ते म्हणाले. “पाणी तुमचं खातं.”

मालक

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात बाळूला फोन केला. “साहेब, बरे झालात ना? मग झालं तर,” तो म्हणाला. फेसाचं सांगितलं. “आवो, टेन्शन नका घेऊ. घरात उकळून पितो आमी.” उकळून हे जात नाही, म्हणालो. त्यावर तो म्हणाला, “मग कागद दाखवा तसा.” त्याचं काय चुकलं? कागदावर विश्वास ठेवायला मीच शिकवलं होतं त्याला.

प्रयोगशाळेच्या मालकांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुमची किडनी काढली ती काढली. आता आमची अब्रू काढू नका.” आम्ही दोघं एका कॉलेजातले. मी त्यांना अरेतुरे करू शकतो, त्या दिवशी केलं नाही.

मंजिरीशी भांडण झालं ते वेगळंच. मी पुन्हा नमुने घ्यायला जाणार म्हटलं. दोन दिवस तिने न बोलता जेवायला वाढलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “तुम्हाला खाली वाकून मोजे घालता येत नाहीत. ते मी घालते. आणि तुम्हाला विहिरीत डोकवायचंय? तुम्हाला काही झालं तर मी कुणाच्या सहीचा कागद उराशी धरून बसू?” मी म्हणालो, “ती मुलगी पोटुशी आहे, मंजू.” ती उठून आत गेली. मला तिचा राग आला नाही. मला माझी लाज वाटली, कारण तिच्या जागी मी असतो तर मी हेच म्हणालो असतो.

सुती सदरा

फेसातली रसायनं तपासायची सोय आमच्याकडे नव्हती. अनघाने परराज्यातली एक प्रयोगशाळा शोधली. त्यांच्या सूचना वाचून मी चाट पडलो. नमुना घेताना पाऊस अडवणारं जाकीट नको, नवे कपडे नकोत, तोंडाला क्रीम नको, तेल न शोषणाऱ्या कागदात बांधलेलं खाणं जवळ नको. त्याच कुळातली रसायनं या सगळ्यात असू शकतात आणि त्यातला कण जरी बाटलीत गेला तरी निकाल खोटा. म्हणजे ज्याला मी आयुष्यात एकदाही शोधलं नव्हतं ते माझ्या खुंटीवर टांगलेलं होतं.

जायच्या सकाळी मंजिरीने कपाटातून माझा धुऊन धुऊन विरलेला सुती सदरा काढला. “हाच चालेल ना? बोहारणीला द्यायला काढला होता.” स्वतःही जुनी सुती साडी नेसली होती, पावडर न लावता. म्हणजे ती येणार होती.

अनघाने गाडी चालवली. आक्का लेकीकडे गेल्या होत्या. बाळू फोनवर “घ्या की, काय निघायचंय त्यात” म्हणाला. आधी ओढ्याचा नमुना, मग उताराच्या वरच्या एका बोअरचा, मग विहिरीचा. मला वाकता येत नव्हतं, म्हणून दोर मंजिरीने सोडला. बाटली तिने भरली, लेबल मी लावलं. बाटलीला. इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्या कामावर पहिल्यांदाच आली होती. परतताना म्हणाली, “पाणी किती स्वच्छ दिसतं हो.”

निकाल आला. ओढ्यात सगळ्यात जास्त, त्याखालोखाल आक्कांच्या विहिरीत, वरच्या बोअरमध्ये जवळजवळ काही नाही. कुठून येतंय ते आंधळ्यालाही दिसलं असतं. आकडे इथे लिहीत नाही. ते ज्याच्याशी ताडून बघावेत अशी मर्यादाच आमच्या तक्त्यात नव्हती. मालकांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “मर्यादाच नाही, म्हणजे मर्यादा ओलांडलेली नाही.” दोन सरकारी कार्यालयांत पत्रं दिली. पोच मिळाली. ती फाइलीत आहे.

पाणी नको

आक्का परत आल्याचं कळलं तशी मी एकटाच गेलो. बाळू बाहेर टँकर भरत होता. मोटार चालू होती. त्याने कागद घेतला, वर-खाली पाहिला आणि म्हणाला, “साहेब, ह्यात योग्य की अयोग्य ते लिवलंच न्हाई.”

“लिहिता येत नाही, बाळू. पण माझं ऐक, पिऊ नका.”

“हे बगा,” त्याने ओसरीतल्या भिंतीकडे बोट केलं. लॅमिनेट केलेला कागद, खाली माझी सही. “ह्ये तुमीच लिवलं व्हतं ना? आन् अंगणात हुभं ऱ्हाऊन प्यालात. तवा खरं व्हतं का आता खरं हाय?”

“तेव्हा मी चुकलो.”

“असं कसं चुकलो? लोकांना पाजलंय आमी तुमच्या जिवावर.” तो रागात होता, आणि रागाखाली घाबरलेला होता. ते मला दिसलं. कागद माझ्या हातात परत देऊन तो टँकरकडे गेला.

मी ओसरीत बसलो. बसणं, उठणं अजून दुखत होतं. आक्का आतून आल्या, हातात तांब्या आणि त्यावर पालथं फुलपात्र. “भाऊ, किती वाळलात,” म्हणाल्या. “आजाराचं कळलं मला. देवानं वाचिवलं. आधी पाणी घ्या.” फुलपात्र भरून पुढे केलं.

“नको, आक्का.”

त्यांना वाटलं मी भिडेनं म्हणतोय. “घ्या वं. उनाचं आलात.”

“पाणी नको.”

हात तसाच पुढे राहिला. मी खाली बघत होतो. त्या घरात मी कधीही पाण्याला नाही म्हणालो नव्हतो. कोणीच म्हणत नाही. दुश्मनसुद्धा आधी पाणी पितो आणि मग भांडतो.

“मग च्या टाकते.”

“चहाही नको. तुमच्या विहिरीचं काहीच नको, आक्का.”

आता त्यांनी हात मागे घेतला. आत चुलीपाशी रूपाली उभी होती, सातव्या महिन्यातली, हातात पाण्याचा ग्लास. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग वळून तिच्याकडे.

“ठेव त्यो गलास खाली,” आक्का म्हणाल्या.

“काय झालं, आत्या?”

“खाली ठेव म्हनते ना.”

मग त्या ओसरीच्या टोकाला गेल्या, तिथल्या बोर्डावर मोटारीचं बटण होतं, ते बंद केलं. बाहेरून बाळूचा आवाज आला, “मोटार कुनी बंद केली?”

“म्या,” आक्का म्हणाल्या. “आन् तू आत ये.”

त्यांनी फुलपात्रातलं पाणी अंगणात ओतलं. भांडं पालथं घातलं आणि माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. मी खिशातला कागद काढायला लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

“कागद ऱ्हाऊ द्या. आजवर प्यालो त्याचं काय व्हनार, त्ये सांगा.”

मी सांगायचं ठरवून बरंच काही आणलं होतं. त्यातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं. “मला माहीत नाही, आक्का,” मी म्हणालो. “डॉक्टरांनाही माहीत नाही. माझं पुन्हा काही निघतंय का ते बघायला दर सहा महिन्यांनी स्कॅन करणार आहेत. मलाही नक्की काही सांगत नाहीत.”

रूपाली दारात येऊन उभी होती. आक्कांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

“म्हंजी तुमी बी वाट बगनार आन् आमी बी.”

“हो,” मी म्हणालो.